डेटाचे शुद्धीकरण आणि त्याची अवजारे : प्रस्तावना

विश्लेषणाचे काम पहिला आलेख काढताना सुरू होते, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी निष्कर्षाची दिशा त्याच्या बरीच आधी, म्हणजे हाती आलेला कच्चा तक्ता वापरण्याजोगा करताना ठरून गेलेली असते. एकाच गावाची चार तऱ्हांनी लिहिलेली नावे एक करणे, तारखा एका पद्धतीत आणणे, रिकाम्या जागांचा अर्थ लावणे, एकके जुळवणे, दुबार नोंदी ओळखणे आणि संशयास्पद आकड्यांचे काय करायचे ते ठरवणे, या सगळ्याला मिळून डेटाचे शुद्धीकरण म्हणतात; आणि शुद्ध झालेला तक्ता विचारलेल्या प्रश्नाला लागेल त्या आकारात मांडणे ही त्याची पूर्वतयारी होय. ही दोन्ही कामे आज बहुतांशी संगणकीय अवजारांनी होत असल्यामुळे ती यांत्रिक स्वरूपाची आहेत असा ग्रह सहज होतो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका याच्या उलट आहे. शुद्धीकरणातली जवळजवळ प्रत्येक पायरी हा विषयाच्या जाणकारीवर उभा असलेला निर्णय असतो, आणि अवजार तो निर्णय किती वेगाने अमलात आणते यापेक्षा किती उघडपणे नोंदवून ठेवते, यावरून त्याची किंमत ठरवली पाहिजे.

ही भूमिका तपासून पाहण्यासाठी महाराष्ट्रातल्या कांद्याच्या बाजारभावांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. बाजार समित्यांमधल्या लिलावांचे दर कृषी पणन मंडळ आणि केंद्र सरकारचे ‘ॲगमार्कनेट’ हे संकेतस्थळ या दोन्ही ठिकाणी प्रसिद्ध होतात. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत बाजार समितीचे नाव, शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. यांपैकी ‘सर्वसाधारण दर’ ही गणिती सरासरी नव्हे. ज्या दराने बहुतेक माल विकला गेला तो हा दर, आणि म्हणून तो कमीत कमी व जास्तीत जास्त या दोन दरांच्या दरम्यानच असला पाहिजे, ही या तक्त्याची पहिली आणि सर्वांत सोपी तपासणी ठरते. या तपासणीत जी ओळ अडकते, तिच्यात निदान एक आकडा चुकीचा आहे हे निश्चित असते. मात्र तीनपैकी कोणता, हे तपासणी सांगत नाही.

बाजार समितीच्या नावाचा रकाना याहून अवघड असतो. ‘लासलगाव’, ‘लासलगाव - निफाड’ आणि ‘लासलगाव - विंचूर’ अशा तीन नोंदी एकाच दिवशी दिसतात, आणि नवख्या विश्लेषकाला त्या एकाच नावाच्या तीन अशुद्ध प्रती वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः त्या मुख्य बाजार आणि उपबाजार यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. समितीची एकूण आवक हवी असेल तर त्यांची बेरीज करावी लागते. दरांची तुलना करायची असेल तर त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. आणि तिन्ही ठिकाणांचा मिळून एक दर काढायचा झाल्यास प्रत्येक दराला त्या ठिकाणच्या आवकेचे वजन द्यावे लागते, कारण थोड्या मालाचा दर आणि हजारो क्विंटलचा दर यांना सारखे महत्त्व दिले तर उत्तर फसवे येते. एकच तक्ता, पण तीन प्रश्नांसाठी त्याची तीन शुद्ध रूपे होतात. ‘शुद्ध डेटा’ ही प्रश्नापासून अलग अशी स्थिती नसते, हे या क्षेत्रातले मूलभूत तत्त्व येथेच स्पष्ट होते.

तक्त्याच्या आकाराविषयी मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानाने, म्हणजे माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत साठवण्याच्या कल्पनेने, या विचाराचा पाया घातला. हॅडली विकहॅम यांनी २०१४ च्या आपल्या निबंधात तो संख्याशास्त्राच्या भाषेत आणला: प्रत्येक चलाला एक रकाना, प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ आणि प्रत्येक प्रकारच्या निरीक्षणाला एक तक्ता. जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने असलेला दरांचा तक्ता छापील अहवालात वाचायला सोयीचा असतो. पण महिना हे चल तेथे रकान्यांच्या शीर्षकांत विखुरलेले असल्यामुळे संगणकाला त्यावर काम करणे जड जाते, आणि म्हणून असा आडवा पसरलेला तक्ता आधी उभा करून घ्यावा लागतो.

रिकाम्या जागेचा प्रश्न आकाराच्या प्रश्नापेक्षा कितीतरी खोल आहे. ज्या दिवशी लासलगावची ओळच तक्त्यात नसते, त्या दिवशी काय घडले असेल? साप्ताहिक सुट्टी असेल, सण असेल, अमावास्या असेल, कारण त्या दिवशी लिलाव बंद ठेवण्याची प्रथा नाशिक जिल्ह्यात वर्षानुवर्षे पाळली गेली आहे, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले असतील, किंवा लिलाव नेहमीप्रमाणे होऊनही नोंद पुढे पाठवायची राहून गेली असेल. पहिल्या चार कारणांत आवक खरोखर शून्य असते, पाचव्यात ती केवळ अज्ञात असते, आणि दर तर पाचही प्रसंगी शून्य कधीच नसतो. बहुतेक अवजारांत रिकामी जागा आधीच्या दिवसाच्या मूल्याने भरून काढण्याची एका आज्ञेची सोय असते, आणि रविवारच्या बाबतीत ती निरुपद्रवी ठरते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावल्यानंतर नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले होते. त्या दिवसांच्या रिकाम्या जागा अशाच भरल्या, तर आलेखावर दर शांतपणे स्थिर राहिल्याचे दिसेल आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या वर्षातले सर्वांत अस्वस्थ दिवस तक्त्यातून पुसले जातील. म्हणूनच रिकाम्या जागेचे कारण लिहिण्यासाठी एक वेगळा रकाना ठेवणे, आणि तो पंचांग, सुट्ट्यांची यादी व त्या काळची वृत्तपत्रे पाहून भरणे, हे कंटाळवाणे असले तरी टाळता न येणारे काम आहे.

टोकाच्या आकड्यांबाबतही हेच. जॉन ट्युकी यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात रूढ केलेला नियम आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो: आकडे चढत्या क्रमाने लावून त्यांचे चार समान भाग पाडायचे, पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकांमधले अंतर मोजायचे, आणि या चतुर्थकांपासून बाहेरच्या बाजूला त्या अंतराच्या दीडपटीहून दूर पडलेल्या आकड्यांकडे संशयाने पाहायचे. ट्युकी यांचा नियम संशय घ्यायला सांगतो, परंतु व्यवहारात तो आकडे वगळण्याचा परवाना म्हणून वापरला जातो. कांद्याच्या दरांना हा नियम आंधळेपणाने लावण्याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांच्या हाती किलोमागे जेमतेम दीड रुपया पडला. बरोबर एका वर्षाने, म्हणजे लांबलेल्या पावसाने खरिपाचे पीक नासल्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये, राज्यातल्या काही बाजारांत क्विंटलचा जास्तीत जास्त दर दहा हजार रुपयांच्या वर गेला. हे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि कांद्याच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्याला नेमके तेच हवे असतात. उलट, एखाद्या दिवशी क्विंटलच्या रकान्यात चुकून किलोचा दर भरला गेला आणि १८०० च्या जागी १८ लिहिले गेले, तर तो आकडा मात्र खरोखरची चूक असतो. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी शेजार पाहावा लागतो: त्याच दिवशी पिंपळगाव बसवंत, येवला आणि मनमाड येथे दर काय होते, आणि संशयित आकडा त्यांच्या जवळपास शंभराव्या हिश्शाइतका आहे का? तसे गुणोत्तर सापडले तर एककाची चूक मानायला भक्कम आधार मिळतो. सगळीकडेच दर कोसळलेले दिसले तर तो बाजाराचा इतिहास असतो. कोणत्याही स्थितीत मूळ आकडा खोडू नये. दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात लिहून दुरुस्तीचे कारण द्यावे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत जवळजवळ अनुल्लेखित राहिलेला भाग म्हणजे देवनागरी मजकुराचे शुद्धीकरण. पडद्यावर सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या लेखी भिन्न असू शकतात, कारण संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, तर यूनिकोड या जागतिक मानकाने ठरवून दिलेले क्रमांक साठवतो. ‘कऱ्हाड’ हे नाव घेतले तर त्यातला ‘ऱ’ एका स्वतंत्र क्रमांकाने लिहिता येतो, साध्या ‘र’ला खाली नुक्ता जोडून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही ‘ऱ्ह’ असेच रूप पडद्यावर आणता येते. छापील कागदावर तिन्हींत काहीही फरक दिसत नाही; तक्त्यात मात्र ती तीन वेगळी गावे होतात. यूनिकोडमध्ये अशा समतुल्य रूपांना एका ठरावीक रूपात आणण्याची प्रक्रिया आहे, तिला प्रमाणीकरण म्हणतात. ती यांतील पहिली दोन रूपे एक करते, पण अदृश्य चिन्हाचे तिसरे रूप तसेच सोडते. आणि कोणी ‘कराड’ लिहिले असेल, तर ते कऱ्हाडच आहे हे कोणतेही मानक सांगणार नाही, सातारा जिल्हा माहीत असलेली व्यक्तीच सांगू शकेल.

‘ॲग्रो’ या शब्दाचीही हीच कथा आहे. त्यातला पहिला स्वर २००८ पासून उपलब्ध असलेल्या स्वतंत्र क्रमांकाने लिहिला जातो, किंवा जुन्या सवयीने ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिला जातो, आणि ही दोन रूपे यूनिकोडने समतुल्य मानलेलीच नसल्यामुळे प्रमाणीकरणानंतरही ती वेगळी राहतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या नावांत हा शब्द इतक्या वेळा येतो, की ही एक जोडी स्वतः नियम लिहून एक केली नाही तर नोंदणीच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. ‘बँक’ हा शब्द चंद्रबिंदूने किंवा अर्धचंद्र आणि अनुस्वार अशा दोन चिन्हांनी लिहिला गेल्यामुळे होणारा घोटाळा याच जातीचा. शिवाय यूनिकोडपूर्व काळात टंकलेखन केलेल्या फायलींत देवनागरी दिसते ती केवळ विशिष्ट फाँटमुळे. तो फाँट काढून घेतला की खाली रोमन अक्षरांचा निरर्थक मजकूर उरतो, आणि त्याचे रूपांतर करणे हे शुद्धीकरणाच्याही आधीचे काम होऊन बसते.

अवजारांनी स्वतः घातलेला गोंधळ वेगळाच. मजकुरातली विरामचिन्हे काढून टाकण्यासाठी ‘अक्षरे, अंक आणि मोकळ्या जागा सोडून बाकी सर्व पुसा’ अशी आज्ञा देण्याचा प्रघात आहे. पायथॉन या भाषेच्या प्रमाणित संचातल्या नमुना-शोधक घटकाला काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही ‘अक्षरे’ वाटत नाहीत, त्यामुळे ही निरुपद्रवी दिसणारी आज्ञा ‘कोल्हापूर’चे ‘कलहपर’ आणि ‘सातारा’चे ‘सतर’ करून टाकते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही; कार्यक्रम व्यवस्थित चालून संपतो. ज्या भाषांच्या लिपीत स्वरचिन्हे व्यंजनाला चिकटून येतात, त्यांचा विचार न करता घडलेल्या साधनांवर मराठी मजकूर सोपवताना काही ओळी डोळ्यांनी तपासणे हा शुद्धीकरणाच्या शिस्तीचा आवश्यक भाग मानला पाहिजे.

नावे जुळवण्याच्या स्वयंचलित पद्धतींचे गुणदोषही मराठी नावांवर चटकन उघड होतात. व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या अंतरमापनात, एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किमान किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात ते मोजले जाते. या मापाने ‘अकोला’ आणि ‘अकोले’ यांच्यात अवघे एक चिन्ह आहे, पण पहिले विदर्भातले शहर आणि दुसरे सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका. ‘औरंगाबाद’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ यांच्यात अक्षरांचे साम्य नाममात्र असूनही ती दोन्ही एकाच शहराची नावे आहेत. आणि देशभरच्या तक्त्यात तर बिहारमधला औरंगाबाद जिल्हा वेगळा ठेवावा लागतो. जिल्ह्यांच्या सीमाही स्थिर नाहीत: १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे ‘ठाणे’ हे एकाच क्षेत्राचे आकडे समजून जोडले तर शेती, लोकसंख्या, शाळा या सर्वांत एक खोटी घसरण उमटते. यावर उपाय अक्षरांच्या साम्यात नाही. ठिकाणांना दिलेले स्थिर संकेतांक वापरणे, आणि कोणते नाव व कोणती सीमा कोणत्या तारखेपासून लागू आहे याची सारणी सोबत बाळगणे, हाच भरवशाचा मार्ग.

अवजारांकडे वळताना पहिला उल्लेख स्प्रेडशीटचा करावा लागतो, कारण बहुसंख्य डेटा तेथेच जन्मतो. स्प्रेडशीटची मोठी सोय, म्हणजे भरलेल्या मजकुराचा प्रकार स्वतःहून ओळखणे, हाच तिचा मोठा धोकाही आहे. पंधराहून अधिक अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला तर एक्सेलमध्ये पंधराव्या अंकापुढचे अंक शून्य होतात. आरंभीचे शून्य गळून जाते. महिना आधी लिहिण्याची अमेरिकी पद्धत निवडलेली असेल तर ०५/०६/२०२३ या तारखेचा ५ जूनऐवजी ६ मे होतो आणि १३/०६/२०२३ मात्र तारीख न होता नुसता मजकूर राहतो, म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा चुकतात आणि काही तारखाच उरत नाहीत. जनुकशास्त्रात ‘सेप्ट-२’ आणि ‘मार्च-१’ अशा अर्थाची जनुकांची रोमन नावे एक्सेलने तारखांत बदलल्याचे २००४ पासून नोंदले गेले होते. जनुकांच्या याद्या एक्सेल फायलींत जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत अशा चुका असल्याचे २०१६ च्या एका पाहणीत आढळले, आणि अखेर २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावे बदलली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलच्या जुन्या, ६५,५३६ ओळींची मर्यादा असलेल्या स्वरूपामुळे कोव्हिडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीत आल्या नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या व्यक्तींचा शोध लांबला. या घटनांत कोणीही निष्काळजी गणित केले नव्हते. बदल घडला तो कोणी न पाहता आणि कोठेही न नोंदता घडला, हे त्यांचे समान लक्षण आहे.

या उणिवेला उत्तर म्हणून ज्या साधनांची घडण झाली, त्यांत ओपनरिफाइनचे स्थान विशेष आहे. मेटावेब या कंपनीत २०१० मध्ये ‘फ्रीबेस ग्रिडवर्क्स’ या नावाने ते तयार झाले, कंपनी गूगलने घेतल्यावर ‘गूगल रिफाइन’ झाले, आणि २०१२ मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेतल्यावर सध्याच्या नावाने मुक्त प्रकल्प म्हणून चालू राहिले. ते वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर चालते, त्यामुळे रुग्णांच्या किंवा लाभार्थ्यांच्या याद्या बाहेर पाठवाव्या लागत नाहीत. रकान्यातल्या सर्व भिन्न मूल्यांची यादी त्यांच्या संख्येसह समोर मांडणे, ही त्याची साधी पण फार गुणकारी सोय. केवळ ती यादी वाचल्याने निम्म्या चुका दिसू लागतात. दुसरी सोय सारख्या नावांचे गट पाडण्याची. तिच्या मूळ पद्धतीत प्रत्येक मूल्यातली विरामचिन्हे काढून शब्द वर्णक्रमाने लावले जातात, त्यामुळे ‘पिंपळगाव बसवंत’ आणि ‘बसवंत, पिंपळगाव’ एका गटात येतात. उच्चारावर आधारलेल्या तिच्या काही पद्धती इंग्रजीसारख्या युरोपीय भाषांसाठी रचलेल्या असल्याने देवनागरीत त्यांचा उपयोग होत नाही. गट सुचवल्यानंतर ते एक करायचे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते, आणि या अवजाराची रचना तो निर्णय माणसाकडून हिरावून घेत नाही. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे केलेल्या प्रत्येक बदलाचा क्रमवार इतिहास राहतो, तो उलट फिरवता येतो, आणि बाहेर काढून पुढच्या महिन्याच्या फायलीवर पुन्हा लावता येतो.

वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेला पायथॉनचा पांडास हा संच, किंवा आर या भाषेतले विकहॅम यांचे संच, हाच इतिहास आज्ञांच्या मजकूर-फायलीच्या रूपात ठेवतात. येथे मूळ फाइल कधीच बदलत नाही. आज्ञावली ती वाचते आणि शुद्ध प्रत वेगळी तयार करते. मात्र या साधनांचीही स्वतःची गृहीतके असतात. पांडास ‘एनए’ ही रोमन अक्षरे आपोआप रिकामी जागा मानते, आणि नामिबिया या देशाचा दोन अक्षरी संकेत नेमका तोच असल्यामुळे तो देश तक्त्यातून नाहीसा होतो. म्हणून पहिल्या वाचनात सर्व रकाने केवळ मजकूर म्हणून आत घ्यावेत, आणि संख्या, तारीख, संकेतांक हे रूपांतर नंतर एकेक करून उघड आज्ञेने करावे, ही पद्धत वेळखाऊ असली तरी श्रेयस्कर आहे.

ही शिस्त संगणकाने आणली असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमधल्या तागाच्या क्षेत्राच्या पाहण्यांत एकाच भागातून दोन स्वतंत्र उपनमुने वेगवेगळ्या गणकांकडून घेण्याची पद्धत वापरली. दोन्हींची उत्तरे फार वेगळी आली की गणनेतच खोट आहे हे कळत असे, आणि खोट किती मोठी आहे याचा अंदाजही मिळत असे. भरून आलेल्या प्रपत्रांची हाताने छाननी करणाऱ्या त्या काळच्या कारकुनांना शेत, पीक आणि हंगाम ठाऊक असे. आजच्या विश्लेषकाला पुष्कळदा फक्त फाइल ठाऊक असते. अवजारे जितकी सामर्थ्यवान होत जातात, तितके हे अंतर भरून काढण्याचे काम जाणीवपूर्वक करावे लागते, आणि भाषेच्या प्रतिमानांवर चालणारी नवी साधने दुरुस्त्या सुचवू लागल्यापासून तर अधिकच. कारण त्यांची सूचना पटण्याजोगी वाटते, पण ‘लासलगाव - विंचूर’ ही पुनरुक्ती आहे की उपबाजार, हे त्यांना बाजार समितीकडून कळलेले नसते.

कोणते अवजार निवडावे, याचे उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. काही हजार ओळींची, एकदाच हाताळायची यादी असेल, उदाहरणार्थ एखाद्या तालुक्यातल्या संस्थांची नोंदणीसूची, तर ओपनरिफाइन पुरेसे आहे आणि कार्यक्रमलेखन न येणाऱ्या व्यक्तीलाही ते थोड्या सरावाने साधते. रोज किंवा दर महिन्याला येणाऱ्या, एकाच साच्याच्या फायलींसाठी आज्ञावली लिहिणे योग्य, आणि तिच्यात तपासण्याही लिहाव्यात: सर्वसाधारण दर मर्यादेत आहे का, बाजार समितीचे नाव मान्य यादीत आहे का, तारीख भविष्यातली तर नाही ना, कालच्या फायलीपेक्षा आजच्या ओळी अचानक निम्म्या तर झाल्या नाहीत ना. तपासणी मोडली तर काम तेथेच थांबले पाहिजे. स्प्रेडशीट वगळता येत नसेल तेथे निदान मूळ पान कुलूपबंद ठेवावे आणि दुरुस्त्या वेगळ्या पानावर, कारणासह व दुरुस्ती करणाऱ्याच्या नावासह लिहाव्यात. आणि तयार तक्ता दुसऱ्याच्या हाती देताना त्यासोबत कच्ची फाइल, दुरुस्त्यांची यादी आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक व रिकाम्या जागांचे कारण सांगणारे एक टिपण द्यावे, म्हणजे डिसेंबर २०१९ चा दर पाहून ज्याला शंका येईल, त्याला तो आकडा का ठेवला हे विचारण्यासाठी कोणाला शोधत बसावे लागणार नाही.